आईंना बर्फ दाखवायचा तर आधी हीटर!

आमच्या कॅम्पिंग कारचा हीटर जानेवारीच्या अखेरीस मेला आणि आईंचं परतीचं विमान फेब्रुवारीच्या मध्यावर होतं. आता हीटरचा आणि सासूबाईंच्या विमानाचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. सांगते.

माझ्या सासूबाई कऱ्हाडच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. ‘जपानच्या पश्चिम भागात हिवाळ्यात भरपूर हिमवृष्टी होते, भौगोलिक कारणे द्या’ हा त्यांचा लाडका प्रश्न. कऱ्हाडातल्या निम्म्या रिक्षावाल्यांना आणि झाडून सगळ्या डॉक्टरांना त्याचं उत्तर आजही पाठ असेल. सैबेरियाकडून येणारे थंड वारे, वाटेत समुद्रावरून उचललेलं बाष्प, मध्ये आडवी आलेली डोंगररांग, आणि मग बदाबदा बर्फ! फक्त बाईंनी स्वतः बर्फ पडताना कधी पाहिलेला नव्हता. पडलेला पाहिला होता, मनालीला, काळपट, घोड्यांच्या लिदीसकट. पडताना नाही. नोव्हेंबरात त्या आमच्याकडे आल्या त्याच एक मागणं घेऊन. “मला तुमचे मॉल नकोत, टॉवर नकोत. बर्फ पडताना दाखवा, झालं.”

आणि आम्ही राहतो उरायासुला, टोकियोच्या उपसागराकाठी. म्हणजे डोंगराच्या नेमक्या चुकीच्या बाजूला. इथला हिवाळा कोरडा, ऊन लख्ख. आई रोज सकाळी बाल्कनीत उभ्या राहायच्या, निळ्याशार आकाशाकडे रागानं बघायच्या आणि “पर्जन्यछायेचा प्रदेश!” असं म्हणून चहाला आत यायच्या.

मग हॉटेलात का नाही नेलं? नेलं की. डिसेंबरात एका जुन्या पद्धतीच्या जपानी हॉटेलात नेलं होतं. आई पक्क्या शाकाहारी, आणि इथे सूप असो, नूडल्स असोत, नाहीतर साधा उकडलेला मुळा असो, माशाचं पाणी सगळ्यात. त्याला दाशी म्हणतात. सुंदर सुंदर वाट्यांतून बारा पदार्थ आले आणि आईंनी मीठ घालून भात खाल्ला. त्यात जमिनीवरची गादी, आणि सकाळी गुडघे उठायला तयार नाहीत. त्या दिवशी ठरलं, आईंना फिरवायचं तर स्वयंपाकघर आणि पलंग बरोबर न्यायचा.

ते दोन्ही आमच्याकडे आहेत. २०११ च्या भूकंपात उरायासुची जमीन अक्षरशः पातळ झाली होती. रस्त्यांतून वाळू आणि पाणी वर आलं, मॅनहोल माणसाच्या कमरेइतके उचलले गेले, आणि नळ कोरडे पडले. मी तान्ह्या इराला पाठीशी बांधून टँकरच्या रांगेत बादल्या घेऊन उभी राहायचे. माझा नवरा समीर बँकेत आहे, एरवी मोजा विकत घ्यायला दोन आठवडे विचार करतो. पण त्या धसक्यानं त्यानं पुढच्याच वर्षी एका निवृत्त जोडप्याकडून जुनी कॅम्पिंग कार घेतली. लहान ट्रकच्या चासीवर बांधलेली, दोन शेगड्यांची, दारात वाकून शिरावं लागणारी. पुन्हा तसं काही झालं तर घर चाकांवर हवं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. सुदैवानं त्यासाठी ती कधी लागली नाही, पण सात वर्षं आम्ही तिच्यातून मनसोक्त भटकलोय.

तर, हीटर मेला. दुकानदारानं आत बॅटरीचा झोत मारून पाहिलं, दातांतून हवा आत ओढली (जपानात ही खूण वाईट) आणि सांगितलं की आतल्या भट्टीला तडा गेलाय, सुटे भाग आता येत नाहीत, नवा बसवावा लागेल. कधी? मार्चमध्ये.

“पुढच्या वर्षी जाऊ मग,” समीर म्हणाला.

“पुढच्या वर्षी माझे गुडघे चढणार आहेत का विमानात?” आई म्हणाल्या.

त्या आवाजात रुसवा नव्हता, ती साधी माहिती होती, आणि म्हणूनच मला ती लागली. मी म्हटलं, मी बसवते. समीरनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विमान चालवते म्हणाले होते. अरे, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे! ऑफिसात पंपांची डिझाइनं करते. आता ती स्क्रीनवर करते आणि हातात पाना धरून काही वर्षं झालीत, हे खरं. पण हीटर ऑनलाइन मागवला आणि सुट्टी टाकली.

पहिला दिवस: त्सुकुबा

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडीचं काम करायला मनाई आहे. नळ सोडून गाडी धुवायलासुद्धा परवानगी नाही. तेव्हा माझी सहकारी निशिमुरा-सान मदतीला आली. ती त्सुकुबाला राहते, तिच्या घराला अंगण आहे आणि अंगणात छप्पर. उरायासुहून तास-सव्वा तासाचा रस्ता. सकाळी पोचलो तर बाईसाहेब कामाचे हातमोजे घालून, जमिनीवर निळी ताडपत्री अंथरून तयार!

ज्यांना असलं काम करायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा हीटर बुटांच्या खोक्याएवढा असतो. तो गाडीच्या आत बसतो, पण नाक आणि तोंड गाडीबाहेर ठेवून. एका नळीनं बाहेरची हवा ओढतो, गाडीच्या टाकीतलं डिझेल थेंब थेंब जाळतो आणि धूर दुसऱ्या नळीनं बाहेर टाकतो. खोलीत येते ती वेगळी, स्वच्छ गरम हवा. म्हणून तो लावून निर्धास्त झोपता येतं. मात्र धुराची नळी गळकी असली तर ती झोप शेवटची ठरू शकते, म्हणून तिथे कंजुषी नको, घाई नको, आणि विषारी वायूचा अलार्म पलंगाशेजारी हवाच हवा.

जुना हीटर काढण्यातच दुपार झाली. चारांतले दोन बोल्ट गंजून एकजीव झालेले. स्प्रे मारला, हातोडी मारली, शिव्या मारल्या. शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा माझ्या बोटाची सालटी निघाली होती आणि हीटरमागून आधीच्या मालकांचा एक लोकरी मोजा निघाला.

“जोडीदार सापडत नसेल हो बिचाऱ्यांना,” आई म्हणाल्या. त्या छपराखाली खुर्ची टाकून, कानटोपी घालून, शाल लपेटून कामावर देखरेख करत होत्या.

जमिनीतलं जुनं भोक नव्या हीटरला मोठं पडत होतं. मग ॲल्युमिनियमचा पत्रा कापून त्यावर बसवला, कडेनं सीलंट भरलं. गाडीखाली झोपून नळ्या ओढणं माझ्याकडे, मॅन्युअल मोठ्यांदा वाचणं समीरकडे. त्याला जिथे जपानी अडायचं तिथे आमची नऊ वर्षांची इरा वाचून दाखवायची आणि “पापा, हे कांजी अक्षर तर दुसरीतलं आहे,” असं म्हणून त्याचा उद्धार करायची.

निशिमुरा-सानचं काम तपासणीचं. आमच्या कारखान्यात रीतच आहे, काम झालं की नुसतं बघायचं नाही. हात लांब करून वस्तूकडे बोट दाखवायचं, तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि ‘योशी!’ म्हणायचं. म्हणजे, ठीक आहे. इथले ट्रेनचे ड्रायव्हरसुद्धा हे करतात. नवीन असताना मला फार हसू यायचं. एकटा उभा माणूस सिग्नलशी बोलतोय! पण बोट आणि तोंड हलवलं की डोळ्याला झोप काढता येत नाही, हे मी आता मान्य केलंय. निशिमुरा-साननं एकेक बोल्ट घेतला. डिझेलची नळी, योशी! पंप, योशी! फ्यूज, योशी! तिसऱ्या-चौथ्या आरोळीपासून खुर्चीतून दुसराही आवाज यायला लागला. आईंनी शालीतून हात बाहेर काढून बोट दाखवत ‘योशी’ सुरू केलं होतं. शाळेतली हजेरीच जणू.

अंधार पडायच्या आत बटण दाबलं. गाडीखालचा पंप टक्, टक्, टक् करायला लागला. मग गप्प. पुन्हा दाबलं. पुन्हा गप्प. नळीत डिझेल चढेपर्यंत असं होतंच, मॅन्युअलमध्ये लिहिलंय. तिसऱ्यांदा पांढऱ्या धुराचा एक मोठा भपकारा आला, मग बारीक घरघर, आणि जाळीतून ऊब.

“आली गं, आली!” आई ओरडल्या. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावातल्या बाईनं नळाला पाणी आल्यावर ओरडावं तशा. दोन्ही तळवे जाळीसमोर धरून बसल्या त्या उठेचनात. रात्री आईंनी गाडीतल्या शेगडीवर थालीपिठं लावली. निशिमुरा-साननं तीन खाल्ली आणि चौथं नवऱ्यासाठी म्हणून रुमालात बांधून घेतलं. आम्ही तिच्या अंगणातच, हीटर लावून, ढाराढूर झोपलो.

दुसरा दिवस: त्सुकुबा ते इनावाशिरो

सकाळी आवराआवर करून निघालो. जोबान, किता-कांतो, मग तोहोकू एक्सप्रेसवे आणि कोरियामापासून पश्चिमेला बानएत्सु. थांबत थांबत साडेचार तास, टोल पाच हजार येनच्या थोडा वर, शनिवार-रविवारी सवलत मिळते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. हिवाळी टायर नसतील तर या रस्त्याला जाऊच नका. आणि गाडी डिझेलची असेल तर टोकियोकडून टाकी अर्धीच भरून निघा. इकडचं डिझेल कडक थंडीत गोठतं. डोंगरात मिळतं ते थंडीसाठी बनवलेलं असतं. इनावाशिरोच्या पंपावर भरा. पंपावरचे काका काचही पुसून देतात.

नासुच्या विश्रांतिथांब्यावर भाजलेलं रताळं मिळालं. आईंच्या यादीत ‘जपानात बिनधास्त खाण्याजोगं’ या सदरात सर्वांत वर हेच आहे. मग बाहेर गारठा असताना तिथलं प्रसिद्ध दुधाचं आइस्क्रीमही खाल्लं, कारण इरानं आजीला पटवलं की थंडीत ते वितळत नाही म्हणून जास्त वेळ पुरतं.

बानएत्सुला लागलो आणि दोन्ही बाजूंनी पांढरं सुरू झालं. शेतं पांढरी, छपरं पांढरी, समोर बांदाइसान पर्वत डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. इरा किंचाळली, समीर “बघ आई, बघ!” करत होता. आईंनी चष्मा सारखा केला, शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, “हा पडलेला आहे.”

“अगं, पण किती!”

“पडलेला मनालीत पाहिलाय मी, समीर. पडताना म्हटलं होतं.” मग इराकडे वळून, “आता सांग, इथे एवढा बर्फ आणि आपल्या घरी का नाही? कारणे दे.”

“शित्तेरु,” इरा म्हणाली. म्हणजे, माहितीये मला. तिनं ते वारे, बाष्प, डोंगर सगळं जपानीत घडाघडा सांगितलं. आईंना त्यातला शब्द कळला नाही, पण हात कुठून कुठे फिरले ते पाहून त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

इनावाशिरो तलावाकाठी हंस येतात, सैबेरियातून. “वाऱ्याबरोबर हेपण आले वाटतं,” आई म्हणाल्या. हंस इतके माजलेले की माणूस दिसला की भीक मागत चालून येतात. तलावाजवळ एक लहानसा कॅम्पग्राउंड हिवाळ्यातही उघडा असतो. रात्रीचे दोन हजार येन, शेजारी गरम पाण्याचं स्नानगृह, पण विजेची जोडणी हिवाळ्यात बंद. इथे येताना आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या काहींनी ‘फुकुशिमा? बापरे!’ केलं होतं. अहो, इनावाशिरो फुकुशिमा प्रांतातच येतं, पण प्रांत केवढा मोठा आहे, आणि हा भाग त्या अणुभट्टीच्या किनाऱ्यापासून डोंगरापलीकडे आहे. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, भूकंपानंतर लोक यायचे कमी झाले ते अजून पुरते परतले नाहीत. तुम्ही लांबच्या देशातून आलात, बरं वाटलं. मग त्यांनी आईंच्या हातात दोन सफरचंदं ठेवली आणि विचारलं, “हीटर आहे ना गाडीत? चालतोय? रात्री उणे आठ-नऊ होईल. हीटरशिवाय मी राहू देत नाही कुणाला. आणि पहाटे बर्फ आहे.”

पहाटे बर्फ! इरानं भाषांतर केलं आणि आई लहान मुलीसारख्या माझ्याकडे बघून हसल्या. मी ऐटीत म्हटलं, हीटर नवाकोरा आहे.

जागेवर गाडी लावली. साडेतीन वाजले असतील, ऊन उतरत होतं. बटण दाबलं. टक्, टक्, टक्. थोडा धूर, एक कण्हणं, आणि बंद. पुन्हा दाबलं. पुन्हा बंद. हीटरच्या छोट्या पडद्यावर बिघाडाचा आकडा, मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ, ‘जळण नीट होत नाही’. नळीत हवा अडकली असेल म्हणून पाच वेळा केलं. सहाव्यांदा त्यानं कुलूपच लावून घेतलं. फ्यूज काढून परत घालेपर्यंत बटणालाही दाद देईना.

गाडीत बोलताना तोंडातून वाफा यायला लागल्या. समीर म्हणाला, “मानसी, उजेड आहे तोवर खाली कोरियामाला जाऊ. हॉटेल बघतो.” कोरियामाला, जिथे बर्फ नाही. विमान चार दिवसांवर. त्यावर मी काही बोलले नाही असं खोटं लिहिणार नाही; मी खूप बोलले. तुला पाना कुठल्या बाजूनं धरतात ते ठाऊक नाही, इथपासून ते लग्नातल्या एका जुन्या गोष्टीपर्यंत गेले. खरं म्हणजे राग माझा माझ्यावरच होता. रात्रभर चाललेला हीटर, एका दिवसात गेला, म्हणजे मीच काहीतरी चुकीचं बसवलं. तोहोकूच्या खड्ड्यांनी, हो, तिथे खड्डे नाहीत, पण तेव्हा मला सगळीकडे खड्डे दिसत होते, काहीतरी निसटलं असणार.

आई उठल्या आणि पोळपाट-लाटणं फडक्यात गुंडाळायला लागल्या. “राहू दे गं. चल. एवढा ढीग पाहिला ना पडलेला? पुष्कळ झालं.”

त्यांनी हट्ट धरला असता तर परवडलं असतं. ते समजूतदारपणे लाटणं गुंडाळणं मला बघवेना. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. मी म्हटलं, “आई, ते ठेवा खाली. मी पहिल्यापासून सगळं तपासते. बोट दाखवून.”

“मग मी आहे,” असं म्हणून त्या कानटोपी चढवून निघाल्याच.

समीर मॅन्युअल घेऊन, मी बोट लांब करून, मागे आई. बॅटरीची वायर, योशी. फ्यूज, योशी. आतली जाळी मोकळी, योशी. दोघींनी बाहेर येऊन गाडीला वळसा घातला. मी बर्फावर ताडपत्री टाकून पालथी पडले. डिझेलची नळी, योशी! पंप, योशी! धुराची नळी मोकळी, योशी! वरून आईंचा प्रतिध्वनी येत होता, प्रत्येक वेळी.

“हवेची नळी,” मी म्हटलं आणि बोट वळवलं.

वरून योशी आलं नाही.

“ती बंद आहे,” आई म्हणाल्या. “ती मी सकाळीच बंद केलीय.”

मी बर्फात पडल्या पडल्या मान वर केली. “बंद केलीय म्हणजे?”

“अगं, उघडीच होती की! पायरीच्या मागे एवढंस्सं भोक, बाहेरच्या बाजूला. एखादा उंदीर शिरला असता म्हणजे? तू एवढं मरमरून बसवलंस, बोट सोलवटून घेतलंस. म्हटलं, निदान तेवढं तरी आपण करावं. घट्ट बोळा मारलाय. उलथन्याच्या दांड्यानं आत सारलाय, पडायचा नाही.”

मंडळी, माझ्या सासरी भोक दिसलं की बोळा, हा कायदा आहे. मोरीच्या भोकाला बोळा, खिडकीच्या फटीला बोळा, ओट्यातून गॅसची नळी वर येते तिथे कडेनं बोळा. नव्या सुनेला पहिल्या आठवड्यात जुनी लुगडी फाडून बोळे करायला शिकवतात. मी दहा-बारा वर्षं त्या घरची सून आहे, आणि मला सुचू नये! रात्री हीटर चालला, सकाळी आईंनी त्याच्या नाकात बोळा कोंबला, आणि दिवसभर गाडीचं इंजिन चालू असल्यामुळे हीटर कुणी लावलाच नाही. तेव्हा त्याला श्वास कोंडल्याचं सांगणार कोण?

मी चिमटा घालून ओढलं. मऊसूत, ओल्या, निळ्या सुती पातळाचा वीतभर लांब बोळा बाहेर आला. काय बसवला होता! आमच्या कारखान्यातलं कुठलंही सील इतकं घट्ट बसत नाही.

बटण. टक्, टक्, टक्. भपकारा. घरघर. आणि जाळीतून ऊब.

आधी समीर हसला. मग मी ताडपत्रीवर उताणी पडून हसायला लागले, ती थांबेचना. इरा कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आजी, दामे!” असं करायचं नाही. आई मात्र अजिबात वरमल्या नाहीत. “मग सांगायचं नाही का, ती श्वास घेते म्हणून? योशी योशी करत नाचलात सगळे, पण घरातल्या वयस्कर माणसाला एकानं समजावलं नाही.” हेही बरोबरच होतं. मी तिथेच, बर्फात बसून, त्यांना दोन्ही नळ्या समजावून सांगितल्या. त्यांनी तीन प्रश्न विचारले, तिन्ही चांगले होते. तुम्हांलाही सांगून ठेवते: यातली कुठलीही नळी बुजवू नका, आणि बर्फ पडत असेल तर दर थोड्या वेळानं नळ्यांभोवतीचा बर्फ उकरत राहा. धुराची नळी बुजणं हा थट्टेचा विषय नाही.

मग गरम पाण्यात डुंबून आलो, गाडीत पिठलं-भात, वर कच्चं तेल. काचांवर वाफ धरली होती आणि मोजे जाळीवर वाळत होते. आईंनी खिडकीकडची बाजू मागून घेतली.

तिसरा दिवस: इनावाशिरो

जाग आली तेव्हा आई उठून बसल्या होत्या, शाल लपेटून, पाठमोऱ्या.

“नाही पडला,” त्या म्हणाल्या.

“कशावरून?”

“रात्रभर कान देऊन होते. टपावर काही वाजलं नाही, पागोळ्या नाहीत, काही नाही. मध्ये डुलकी लागली असेल, पण पडला असता तर ऐकू आलं असतं की.”

इरानं डोळे चोळत पडदा ओढला आणि ओरडली, “युकी!”

बाहेर बर्फ पडत होता. टपोरा, दाट, आणि किती वेळापासून कुणास ठाऊक. आमच्या पायरीचा पत्ता नव्हता. आईंनी चपला शोधल्या नाहीत, समीरचे बूट घातले आणि दार उघडलं.

आम्ही तिघं दारातच थांबलो. त्या चार पावलं गेल्या आणि मान वर करून उभ्या राहिल्या. बर्फ त्यांच्या कानटोपीवर बसला, चष्म्यावर बसला, त्यांनी पुसला नाही. तळवा पुढे केला, एक पुंजका घेतला, बघितला, खाल्ला. मला वाटलं, आता भूगोल येणार. काही आलं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग त्या वळल्या. गाल लाल झाले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“मानसी, ह्याला आवाजच नाही गं,” त्या म्हणाल्या. “मी मुलांना टेबलावर हात आपटून दाखवायचे, बदाबदा पडतो म्हणून. एका पुस्तकात लिहिलेलं नाही, आवाज नसतो म्हणून. एका सुद्धा!”

मी त्यांना मिठी मारली. आमच्यात ती पद्धत नाही, पण मारली. त्यांनीही मला घट्ट धरलं आणि कानात म्हणाल्या, “माझा काल जीव निघाला होता हो, त्या बोळ्यापायी. बोलले नाही एवढंच.”

दुपारपर्यंत पडत होता. इरानं आणि आजीनं मिळून एक हंस केला, तो बदकासारखा झाला. मी फावड्यानं नळ्या मोकळ्या करत होते आणि समीर जवळ आला की आई तिथूनच दरडावत होत्या, “त्या नळीला हात लावायचा नाही कुणी! श्वास घेते ती!”

परत उरायासु

कचरा बरोबर आणला, घरी येऊन वर्गवारी करून टाकला. त्यात जुन्या हीटरचं धूड होतं, त्यासाठी पालिकेला फोन करून दिवस ठरवावा लागला. चिखल, ओले बूट, पिठल्याचा वास आणि डिझेलचा वास, सगळ्यासकट गाडी पार्किंगमध्ये उभी आहे. कुणी विचारलं की एवढ्या जुन्या गाडीत नवा हीटर बसवावा का, तर माझं उत्तर आहे, बसवा. दुकानातून बसवून घ्या, नाहीतर येत असेल तर स्वतः. पण बसवा, आणि घरातल्या सगळ्यांना तो कसा चालतो ते सांगा. फोटो मागू नका. पडणाऱ्या बर्फाचे माझे सगळे फोटो नुसते पांढरे आलेत.

आई ठरल्या दिवशी गेल्या. पंधरा दिवसांनी फोन आला. शाळेनं त्यांना जपानवर बोलायला बोलावलं होतं, पाचवी ते सातवी, सगळी पोरं हॉलमध्ये.

“काय सांगितलंत?” मी विचारलं.

“काही नाही. म्हटलं, दोन मिनिटं कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. बसली की गं पोरं! पंखेसुद्धा बंद करायला लावले. मग म्हटलं, बघा, हा असा पडतो बर्फ. मुख्याध्यापक विचारतात, बाई, भाषण कधी सुरू करताय? म्हटलं, झालं की.”

“आणि मुलं?”

“मागची एक मुलगी उठली. बाई, थंडी नाही वाजली का, म्हणाली. म्हटलं, छे. माझ्या सुनेनं हीटर बसवला होता, स्वतःच्या हातानं.”